लग्नाआधी दोघांच्या नावावर फ्लॅट घेताय? टॅक्सबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

साखरपुडा झालाय, लॉन्स मिळतोय थेट पुढच्या सीझनला, आणि पाथर्डी फाट्याचा टू बीएचके मात्र आत्ता बुक केला नाही तर हातातून जाणार, अशी जोडपी नाशिकमध्ये भरपूर आहेत. काही जण नुसते एकत्र राहतात आणि लग्नाचा विचारच नाही, तो त्यांचा प्रश्न. दोघांनाही टॅक्सचे प्रश्न सारखेच पडतात म्हणून सगळे एका जागी लिहिले आहेत. कलमांचे नंबर जुन्या १९६१ च्या कायद्यातले ठेवलेत कारण सीएपासून बँकेपर्यंत सगळे अजून तेच बोलतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा इन्कम टॅक्स कायदा लागू आहे, त्यात नंबर बदललेत, उदाहरणार्थ ८०सी आता १२३ झालंय.

लग्न झालेलं नाही, तरी होम लोनवर दोघांना टॅक्समध्ये सूट मिळते का?

मिळते. आपल्याकडे नवरा-बायकोचं एकत्र रिटर्न हा प्रकारच नाही, प्रत्येक जण आपापलं रिटर्न भरतो, त्यामुळे लग्न झालंय का हे त्या कलमात कुठे विचारलेलंच नाही. दोनच गोष्टी बघतात. करारनाम्यात आणि इंडेक्स टू वर (रजिस्ट्रेशननंतर मिळणारा नोंदीचा उतारा) मालक म्हणून तुमचं नाव आहे का, आणि लोनमध्ये तुम्ही कर्जदार आहात आणि हप्ता तुमच्या पैशातून जातो का. दोन्हीला हो असेल तर तुम्ही बसता. नुसतं लोनमध्ये नाव आहे आणि फ्लॅटवर नाही, किंवा फ्लॅटवर आहे पण लोनमध्ये नाही, तर नाही. हे बऱ्याच जणांना रिटर्न भरायच्या वेळी कळतं, तोपर्यंत रजिस्ट्रेशन होऊन गेलेलं असतं.

कलम २६ मध्ये म्हटलंय की एका घराचे दोन-तीन मालक असतील आणि प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला असेल तर प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याचा हिशोब आपापल्या रिटर्नमध्ये दाखवायचा. मालक एकमेकांचे कोण लागतात याच्याशी काही संबंध नाही, दोन मित्र असले तरी चालतं.

नक्की किती सूट?

जुन्या टॅक्स रिजीममध्ये (टॅक्स मोजायच्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी), स्वतः राहत असाल तर व्याजावर वर्षाला २ लाखापर्यंत, कलम २४बी. मुद्दलावर ८०सी मध्ये दीड लाखापर्यंत, पण त्यात पीएफ, एलआयसी सगळंच येतं त्यामुळे जागा उरते कुठे. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनचा खर्च पण ८०सी मध्ये बसतो, ज्या वर्षी भरला त्याच वर्षी.

आणि ही लिमिट माणशी आहे, घरामागे नाही. समजा ६० लाखाचा फ्लॅट, ४८ लाख लोन, साडेआठ टक्के, २० वर्षं. हप्ता साधारण ४१,६५० बसतो आणि पहिल्या वर्षी त्यातले ४ लाख ४ हजार नुसतं व्याजात जातात. एकटा मालक असता तर त्यातले २ लाखच धरता आले असते, बाकीचे वाया. निम्मे-निम्मे मालक असाल तर दोघं मिळून ४ लाख.

मग काय, दोघांनी क्लेम करायचं आणि मोकळं व्हायचं?

थांबा, आधी हे बघा की तुम्ही कुठल्या रिजीममध्ये आहात. २०२३-२४ पासून नवी रिजीम ही आपोआप लागू होणारी आहे आणि तिच्यात स्वतः राहत्या घराच्या व्याजाची वजावट नाही, ८०सी पण नाही. मग लगेच "जुनी घेऊ या" म्हणून उड्या मारू नका, हिशोब करा.

पगार १८ लाख धरा, वर्ष २०२५-२६. जुन्या रिजीममध्ये ५० हजार स्टँडर्ड डिडक्शन, दीड लाख ८०सी, २ लाख व्याज, सगळं वजा केलं तरी टॅक्स साधारण २ लाख ४१ हजार येतो. नव्यात काहीच दाखवायचं नाही, फक्त ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन, आणि टॅक्स येतो १ लाख ५१ हजाराच्या आसपास. म्हणजे होम लोनची "सूट" घेऊन तुम्ही ९० हजार जास्त भरणार! या पगाराला एकूण वजावट ७ लाखाच्या घरात गेली तरच जुनी परवडते, आणि स्वतःच्या घरात राहिल्यावर एचआरए, म्हणजे घरभाडे भत्त्यावरची सूट, पण गेलेली असते. पगार पावणेतेरा लाखापर्यंत असेल तर नव्या रिजीममध्ये टॅक्स शून्यच आहे, मग सूट घेणार कशातून.

माझं स्पष्ट मत असं की आज अंबड-सातपूरला नोकरी करणाऱ्या बहुतेक जोडप्यांसाठी व्याजाची वजावट हा मुख्य मुद्दा राहिलेलाच नाही. सेल्स ऑफिसमध्ये अजून जुन्या काळासारखं "टॅक्स बेनिफिट" म्हणून तोच आकडा पुढे करतात, तो बघून बजेट ठरवू नका. लग्न न झालेल्यांना खरा फटका बसतो तो पैसे एकमेकांत कसे फिरवले आणि नाव कुणाचं कसं घातलं त्यात, ते खाली येतंय.

हिस्सा ५०-५० च ठेवायला लागतो का?

नाही, ६०-४० ठेवा, ७५-२५ ठेवा. पण करारनाम्यात टक्केवारी लिहून घ्या. लिहिलं नाही आणि कुणी किती दिले याचा पुरावा पण नाही तर समान हिस्सा धरला जातो, मालमत्ता हस्तांतरण कायदा कलम ४५. सगळ्यात सेफ म्हणजे कागदावरचा हिस्सा, डाऊन पेमेंटचा हिस्सा आणि हप्त्याचा हिस्सा तिन्ही एकाच प्रमाणात. दरमहा पगार झाला की दोघांनी आपापला वाटा जॉइंट अकाऊंटला टाकायचा आणि हप्ता तिथून जाऊ द्यायचा, वर्षाच्या शेवटी स्टेटमेंटमध्ये सगळं आरशासारखं दिसतं. पगार कमी-जास्त झाला म्हणून मधेच कुणीतरी सगळाच हप्ता भरायला लागतं तिथून गोंधळ सुरू होतो.

फ्लॅट तिच्या एकटीच्या नावावर घेतला तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का वाचतो ना?

वाचतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर घर घेतलं की १ टक्का सवलत आहे, पण खरेदीदार फक्त बाई किंवा बायकाच पाहिजेत, सोबत पुरुषाचं नाव आलं की सवलत गेली. आधी अशी अट होती की १५ वर्षं ते घर पुरुषाला विकता येणार नाही, ती २०२३ मध्ये काढली.

आता ६० लाखावर १ टक्का म्हणजे ६० हजार. हे एकदाच वाचणारे पैसे. त्या बदल्यात त्याचं नाव नाही, म्हणजे मालकी नाही, वजावट नाही, आणि त्याने हप्ते भरले तर ते तिला दिलेलं गिफ्ट. ती स्वतःच्याच पैशाने घेत असेल तर जरूर घ्यावी सवलत, हक्काची आहे. पण दोघांचे पैसे आणि एकीचं नाव, हे ६० हजारासाठी करू नये.

नाव एकाचं, हप्ता दुसरा भरतो. यात गिफ्ट कुठून आलं?

इथेच लग्न झालेलं असावं लागतं. कलम ५६(२)(एक्स) असं म्हणतं की नातेवाईक नसलेल्या माणसाकडून वर्षभरात ५० हजाराच्या वर पैसे फुकट मिळाले तर सगळीच रक्कम तुमचं उत्पन्न धरून त्यावर टॅक्स. वरचे नाही हं, सगळीच. नातेवाईक कोण याची यादी कायद्यातच आहे: नवरा-बायको, भाऊ-बहीण, आई-वडील, आजी-आजोबा, मुलं-नातवंडं, मामा-मावशी-काका-आत्या, जोडीदाराचे आई-वडील वगैरे. होणारा नवरा, होणारी बायको, लिव्ह-इन पार्टनर यांचं नाव त्यात नाही. दहा वर्षं एकत्र राहिलात तरी नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लग्नासारख्या नात्यातल्या बाईला संरक्षण आहे, पण ते त्या कायद्यापुरतं, इन्कम टॅक्सवाले ते धरत नाहीत.

म्हणजे तिच्या नावच्या फ्लॅटचा ४१,६५० चा हप्ता त्याने वर्षभर भरला तर ५ लाख तिच्या उत्पन्नात आले. घरखर्च वाटून घेणं, किराणा, लाइट बिल, घरपट्टीत थोडा हातभार, याच्या मागे कोणी लागत नाही, पण मालमत्तेत गेलेला पैसा बँकेच्या स्टेटमेंटवर वर्षानुवर्षं दिसत राहतो.

उसने म्हणून दिले तर?

चालतं. खरं कर्ज हे गिफ्ट नसतं, बिनव्याजी असलं तरी. फक्त साध्या कागदावर का होईना लिहा, किती, कधी, कसे परत देणार, आणि मग खरंच परत द्या. कॅशमध्ये २० हजार किंवा जास्त उसने घेऊ नका, कलम २६९एसएस मध्ये जेवढी रक्कम तेवढाच दंड बसू शकतो. प्रॉपर्टीचा टोकन ॲडव्हान्स पण त्यात येतो, बिल्डरचा माणूस कितीही म्हणो "टोकन कॅशमध्येच चालतं आपल्याकडे". व्याज देणार असाल तर ते २४बी मध्ये धरता येतं, मात्र असल्या खासगी कर्जाचं मुद्दल ८०सी मध्ये येत नाही.

होणाऱ्या सासऱ्यांनी डाऊन पेमेंटला ५ लाख दिले, आता?

हा तर नाशकातला फार कॉमन प्रकार, द्राक्षाचे पैसे आले की सासरे खुशीने देतात. लग्नाआधी तुमच्या अकाऊंटला दिले तर ते तुमचे नातेवाईक नाहीत, ५ लाखावर टॅक्स. तेच त्यांनी स्वतःच्या मुलीला दिले तर एक रुपया टॅक्स नाही, बाप-लेक आहेत. म्हणून पैसे ज्याच्या घरातून आले त्याच्याच अकाऊंटला घ्या आणि तिथून बिल्डरला पाठवा, आणि हिस्सा पण त्याच हिशोबाने वाढवून लिहा. सासऱ्यांना काय, दोघांना दिले काय अन् एकीला दिले काय. लग्नात मिळालेलं गिफ्ट मात्र कुणाकडूनही असो, टॅक्स फ्री आहे. साखरपुडा आणि वास्तुशांतीला ती सवलत नाही.

बेनामीची भीती कुणीतरी घातली, खरं आहे का ते?

पैसे पूर्ण तुमचे आणि फ्लॅट पूर्ण पार्टनरच्या नावावर असेल तर भीती रास्त आहे. बेनामी कायद्यात, १९८८ चा, १ नोव्हेंबर २०१६ पासून कडक झाला, नवरा-बायको आणि मुलांच्या नावाने स्वतःच्या हिशोबातल्या पैशातून घेतलेल्या घराला सूट आहे. भाऊ-बहीण, आई-वडील यांच्याबरोबर जॉइंट घेतलं तरी सूट आहे. पार्टनरला नाही. दोघांची नावं आणि दोघांचे पैसे असतील तर हा प्रश्न येतच नाही.

बँक लोन देते का पण?

इथे थोडं फिरावं लागतं. बऱ्याच बँकांना को-ॲप्लिकंट म्हणून नवरा-बायको, आई-वडील-मुलं, भाऊ-भाऊ असंच पाहिजे असतं. साखरपुडा झालेल्यांना काही ठिकाणी घेतात, पत्रिका किंवा लग्नाचं हमीपत्र मागतात. फाइल टाकायच्या आधी ब्रँचला तोंडावर विचारा, नाहीतर प्रोसेसिंग फी जाते आणि करारनाम्याची तारीख डोक्यावर. बँकेने एकालाच कर्जदार केलं तर दुसऱ्याची व्याजाची वजावट गेली असं समजा. वेगळे दोन लोन घ्यायचे ठरवलं तरी एकाच फ्लॅटवर दोन बँकांचा बोजा सहसा कुणी घेत नाही.

बांधकाम चालू आहे, ताबा दोन वर्षांनी. हप्ता तर आत्ताच सुरू झाला.

ताबा मिळेपर्यंत व्याजाची वजावट नाही. तोपर्यंतचं व्याज साठवून ठेवायचं आणि बांधकाम पूर्ण झालं त्या वर्षापासून ५ समान हप्त्यांत दाखवायचं, पण तेही २ लाखाच्या आतच. लोन घेतलं ते आर्थिक वर्ष संपल्यापासून ५ वर्षांत बांधकाम पूर्ण झालं नाही तर २ लाखाचे ३० हजार होतात. तेव्हा बिल्डरने रेराकडे (घरबांधणीचा नियामक) दिलेली ताब्याची तारीख नीट बघा.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा टॅक्स, कोणी कापायचा?

किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने १ टक्का कापून सरकारला भरायचा. पूर्वी लोक म्हणायचे की माझा हिस्सा ३० लाखाचाच आहे, मला लागू नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते बंद, सगळ्या खरेदीदारांची मिळून रक्कम बघतात. प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याचा स्वतःच्या पॅनवर वेगळा फॉर्म भरायचा. बिल्डर एक, तुम्ही दोघं, तर दोन फॉर्म. एकाने दोघांचा भरून टाकला तर दुसऱ्याच्या नावावर तो दिसत नाही. ज्या महिन्यात कापला तो महिना संपल्यावर ३० दिवसांत भरा, उशीर झाला की दिवसाला २०० रुपये.

चुलतभावाला व्याजावर साडेतीन लाख मिळतात, आम्हाला का नाही?

त्याचं लोन १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२२ मध्ये मंजूर झालेलं असणार आणि फ्लॅट ४५ लाखाच्या आतला, ८०ईईए. आता नवीन लोनला ते नाही.

मी मालक, पार्टनर मला भाडं देतो आणि एचआरए घेतो. चालेल?

तो मालक नसेल, भाडं खरंच बँकेतून देत असेल आणि तुम्ही ते उत्पन्नात दाखवत असाल तर जुन्या रिजीममध्ये चालतं. वर्षाला १ लाखाच्या वर भाडं असेल तर तुमचा पॅन लागतो. तो पण मालक असेल तर स्वतःच्याच घराचं भाडं दाखवू नये, नोटीस आली की उत्तर देता येत नाही.

घर भाड्याने दिलं तर नव्या रिजीममध्ये व्याज धरतात का?

धरतात, पण भाड्यापुरतंच. भाड्यातून घरपट्टी आणि ३० टक्के वजा करून जे उरेल त्यातून व्याज कापा. तोटा आला तर पगारातून वळता होत नाही. भाडं दोघांनी हिश्श्याप्रमाणे दाखवायचं.

प्रधानमंत्री आवासची सबसिडी?

शहरी २.० मध्ये कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं अशी व्याख्या आहे, आणि घर ३५ लाखापर्यंत, लोन २५ लाखापर्यंत, वार्षिक उत्पन्न ९ लाखापर्यंत, जास्तीत जास्त सबसिडी १ लाख ८० हजार. दोघांचं जॉइंट कुटुंब म्हणून लग्नाआधी दाखवता येत नाही. ६० लाखाच्या फ्लॅटवाल्यांनी हा प्रश्न सोडून द्यावा.

ब्रेकअप झालं तर?

हा प्रश्न कुणी आधी विचारत नाही आणि सगळ्यात महाग हाच पडतो. "मी माझा हिस्सा सोडतो, तू ठेव" एवढं सोपं नसतं. पहिलं, हक्कसोड पत्राची नाममात्र स्टॅम्प ड्युटी वडिलोपार्जित मालमत्तेत ठरावीक नातेवाइकांसाठी आहे. तुम्ही नात्यात नाही, म्हणून सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारभावावर खरेदीसारखीच ड्युटी. दुसरं, हिस्सा फुकट सोडला तर घेणाऱ्याला त्या हिश्श्याच्या सरकारी किमतीवर टॅक्स. ३० लाखाचा हिस्सा असेल तर ३० लाख उत्पन्नात जमा, कल्पना करा. त्याच्या वाट्याचं उरलेलं लोन तिने अंगावर घेतलं तर तेवढी किंमत दिली असं धरतात, उरलेल्या फरकाचा प्रश्न राहतोच. तिसरं, पैसे घेऊन सोडला तर हिस्सा देणाऱ्याला कॅपिटल गेन, म्हणजे नफ्यावरचा टॅक्स. २४ महिन्यांच्या पुढे गेलं असेल तर साडेबारा टक्के. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर इंडेक्सेशन लावून (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्क्यांचा पर्याय पण आहे, जे कमी येईल ते. चौथं, ताबा मिळाला ते वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत हिस्सा विकला तर मुद्दलावर घेतलेली ८०सी परत उत्पन्नात येते. आणि बँकेची एनओसी लागतेच, ती एका कर्जदाराला सहजासहजी सोडत नाही.

म्हणून घेतानाच दोघांनी वेगळा करार करून ठेवा, कोण विकत घेणार, भाव कसा ठरवायचा, हप्ते कोण भरणार. वकिलाची फी जाते ती जाऊ द्या.

आणि नंतर लग्न झालं तर काही बदलायला लागतं?

फ्लॅटवर काही नाही. उलट सोपं होतं: नवरा-बायकोत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला स्टॅम्प ड्युटी २०० रुपये आहे, सेस आणि नोंदणीचा खर्च वेगळा, आणि गिफ्टवर टॅक्स नाही. म्हणजे हिस्सा बदलायचाच असेल तर लग्नानंतर बदला. एक भानगड मात्र नवीन येते. लग्नानंतर फुकट दिलेल्या हिश्श्याचं भाडं देणाऱ्याच्याच उत्पन्नात धरतात. लग्नाआधी दिलेलं धरत नाहीत, सुप्रीम कोर्टाने १९६३ मध्येच फिलिप जॉन प्लास्केट थॉमस केसमध्ये सांगितलंय, तिथे होणाऱ्या बायकोला लग्नाआधी शेअर दिले होते. त्या जमान्यात ही चांगली युक्ती होती, आता ५६(२)(एक्स) मुळे घेणाऱ्यालाच टॅक्स लागतो.

दोघांपैकी एकाचं काही बरंवाईट झालं तर हिस्सा दुसऱ्याला जातो ना?

आपोआप नाही. पार्टनर कायदेशीर वारस नसतो, हिस्सा आई-वडील वगैरे वारसांकडे जातो. सोसायटीत नॉमिनी केलं तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्र करा, दोघांनीही. मृत्युपत्राने मिळालेल्या मालमत्तेवर गिफ्टचा टॅक्स नाही, पार्टनर असला तरी नाही, ही एक जागा अशी आहे जिथे लग्न लागत नाही.

आम्ही दोघी मुली आहोत, आम्हाला पण हेच नियम?

वजावट, हिस्सा, टीडीएस सगळं हेच. ऑक्टोबर २०२३ च्या निकालानंतर समलिंगी लग्नाला मान्यता नाही, त्यामुळे गिफ्टची अडचण "लग्न झाल्यावर सुटेल" असं तुमच्या बाबतीत म्हणता येत नाही, मृत्युपत्र आणि करार जास्त महत्त्वाचा. जॉइंट अकाऊंट उघडायला अडचण नाही, अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये तसं स्पष्ट केलंय. आणि हो, दोघीच खरेदीदार असल्याने तो १ टक्का तुम्हाला पूर्ण मिळतो!

अमेरिकेत म्हणे घर घेतल्यावर सरकारने ८,००० डॉलर दिले होते, लग्न न झालेल्यांनाही?

हो, २००९ च्या सुमारास, पहिलं घर घेणाऱ्यांना. लग्न न झालेले दोघं असतील तर ते क्रेडिट आपसात कुठल्याही वाजवी पद्धतीने वाटून घ्या असं तिथल्या टॅक्स खात्याने सांगितलं होतं, एकाने सगळं घेतलं तरी चालायचं, फक्त तो पात्र पाहिजे. ते थेट टॅक्समधून वजा होणारं क्रेडिट, आपली आहे ती उत्पन्नातून वजावट, आणि आपल्याकडे असं मनाने वाटून घेता येत नाही, हिश्श्याप्रमाणेच.

सीएकडे जाताना काय न्यायचं?

इंडेक्स टू, करारनामा, बँकेचं व्याज-मुद्दल वेगळं दाखवणारं सर्टिफिकेट, दोघांचे पॅन, डाऊन पेमेंट कुठल्या अकाऊंटमधून गेलं ते स्टेटमेंट, उसनवारीचा कागद असेल तर तो. रिटर्नमध्ये दुसऱ्या मालकाचा पॅन आणि टक्केवारी विचारतात, तेव्हा दोघांनी एकाच सीएकडे भरलं तर बरं, एकाने ५० लिहिलं आणि दुसऱ्याने ६० असं होत नाही. आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा सीए फोन पण उचलत नाहीत.